समुद्रकाठची पांढरी

आमच्या गावाकडच्या घराला माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, होतं. मृग निघायच्या आधी दरवर्षी त्यावर पांढरी माती पसरून चोपायची, म्हणजे पावसाळा निभायचा. माती यायची गावाबाहेरच्या टेकाडावरून. बैलगाडी टेकाडाच्या कडेला लावायची, खोऱ्याने कड खणायची, पाट्या भरून गाडीत ओतायच्या. घरी माती आली की आजी मांडी घालून तिच्यातली खापरं न् हाडकं वेचायला बसायची. खापर राहिलं की नेमकी तिथूनच गळती लागते, असं तिचं म्हणणं. एकदा तिच्या हाताला बांगडीचा तुकडा लागला. पांढरा, गुळगुळीत, शंखाचा. "कुणाची तरी फुटलेली दिसती," म्हणाली आणि तोही खापरांच्या ढिगावर टाकला.

काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, एवढं खेड्यात सगळ्यांना माहीत असतं. पांढरी पांढुरकी का, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. एकाच जागी माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात. चुलीतली राख बाहेर पडते, मातीच्या भिंती पावसात बसतात, त्याच सपाट करून वर नवं घर उभं राहतं. राख, चुना, हाडं, फुटकी गाडगी यांचा थरावर थर चढत जातो. पुरातत्त्वाची मंडळी महाराष्ट्रात फिरतात तेव्हा अशाच टेकाडांवर त्यांची नजर असते. आम्ही मात्र घर गळू नये म्हणून दरसाल कुणाचं तरी गाव थोडं थोडं उचलून माळवदावर घालत होतो.

हे आता आठवायचं कारण हवामान बदलाने वर चढणारा समुद्र. जगभरच्या समुद्रकाठी अशाच जुन्या वस्त्यांची कड सध्या खणली जातेय, फक्त खोरं लाटांच्या हातात आहे. मी हे सांगायला लागलो की मित्र म्हणतो, "काय बे, नळाला चार दिवसाआड पाणी येतंय आणि तुला समुद्राची पडलीय?" त्याचंही खरं आहे. सोलापूरपासून समुद्र अडीचशे किलोमीटरच्या पुढे. पण आजीच्या हातातला शंख भीमेत पिकत नाही. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगातल्या गावांत, म्हणजे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्यांत, शंखाचे मणी आणि बांगड्या मिळतात. म्हणजे इथला माणूस तेव्हाही किनाऱ्याशी बांधलेला होता.

अशा जुन्या वस्त्यांना 'प्रागैतिहासिक' म्हणतात. या शब्दाने निम्मे वाचक पळतात, म्हणून तो मोकळा करतो. लिहिणं सुरू व्हायच्या आधीचा काळ, एवढाच त्याचा अर्थ. भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडलच्या देवळात, शके ९४० चा शिलालेख आहे. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यात कोरलंय, 'वाछि तो विजेया होईवा'. वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांनीही तो दगड आपल्याशी बोलतो. उद्या देऊळ नसलं तरी लेखाचा ठसा आहे, फोटो आहे, वाचन आहे. प्रागैतिहासिक वस्तीला असं तोंड नसतं. तिथे कोणता दगड कोणत्या थरात, कोणत्या हाडाशेजारी, चुलीपासून किती अंतरावर पडला होता, हीच भाषा. वस्तू जागेवरून हलली की वाक्य मोडलं. शंखाचा तुकडा आजीच्या हातात आला तेव्हा तो सुंदर होता, पण मुका झालेला होता.

आता किनाऱ्यावर एवढं काय आहे? समुद्रकाठ म्हणजे फुकटचं भरलेलं ताट. ओहोटी लागली की कालवं, शिंपले, खेकडे हाताने वेचता येतात. दक्षिण आफ्रिकेत पिनॅकल पॉइंट इथल्या गुहेत सुमारे १ लाख ६४ हजार वर्षांपूर्वी माणसं शिंपले खात होती, याचा पुरावा मिळाला आहे. खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीगच्या ढीग जगभरच्या किनाऱ्यांवर आहेत. म्हटलं तर उकिरडे, पण पुरातत्त्वाच्या दृष्टीने तिजोऱ्या. शिंपल्यातल्या चुन्यामुळे आजूबाजूची माती आंबट होत नाही, आणि एरवी विरघळून गेली असती ती हाडं हजारो वर्षं टिकतात.

आणि किनारा तेव्हा आजच्या जागी नव्हता. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरहून खाली होता. मुंबईसमोरचा समुद्राचा उथळ तळ तेव्हा जमीन होती, खंभातचं आखात कोरडं होतं. इंग्लंडहून हॉलंडला चालत जाता येत होतं. १९३१ साली इंग्लंडमधल्या नॉर्फोकच्या किनाऱ्यापासून दूर मासेमारी करणाऱ्या 'कोलिंडा' नावाच्या बोटीच्या जाळ्यात दलदलीच्या मातीचं एक ढेकूळ आलं. ते फोडलं तर आत सांबरशिंगाचा, दाते पाडलेला, वीतभर लांबीचा भाल्याचा फाळ. भर समुद्राच्या तळाशी शिकाऱ्याचं हत्यार! आज त्या बुडालेल्या मुलखाला डॉगरलँड म्हणतात.

इथे माझ्या भाचीने एक प्रश्न टाकला होता, तो रास्त आहे. "मामा, एवढं सगळं आधीच बुडलंय, तर आता अजून बुडेल त्यात काय? पाणबुडे जातील की खाली."

बुडणं आणि झिजणं यांत फरक आहे. आपल्याकडे उजनीच्या पाण्यात पळसदेवचं देऊळ गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की शिखर वर येतं आणि लोक होड्या करून बघायला जातात. त्या देवळाला खरा ताप पाण्याखाली असताना कमी. ओलं, सुकं, पुन्हा ओलं, पुन्हा सुकं, या येरझारीत दगडाचे सांधे सैल होतात. किनाऱ्यावर ही येरझार दिवसातून दोनदा होते आणि वर लाटांचा मार. एखादी वस्ती चटकन बुडून गाळाखाली दबली तर तिथे हवा पोचत नाही, लाकूडसुद्धा हजारो वर्षं टिकतं. पण पाणी अगदी हळूहळू वर चढत असेल तर वस्तीचा प्रत्येक थर कधी ना कधी लाट फुटते त्या पट्ट्यात येतो. तो पट्टा म्हणजे खलबत्ता आहे. त्यातून धड खाली फार थोडं पोचतं.

कडक भाकरीची चळत डोळ्यांसमोर आणा. बाजारात हातगाडीवर असते ना, कमरेएवढी. वस्तीचं टेकाड म्हणजे तशी चळत, सगळ्यात जुनी भाकरी तळाला. माणसाने नीट उत्खनन करायचं म्हणजे वरून एकेक भाकरी उचलायची, मागे काय लिहिलंय ते बघायचं, मग खालची. लाट हे करत नाही. ती तळाशी खाते. खालच्या दोन-चार भाकऱ्या निघाल्या की वरची चळत आपल्याच वजनाने कलंडते आणि सगळ्या काळांचा एकत्र चुरा होतो.

समुद्र किती वाढला? १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली, आणि २००६ नंतर हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरपर्यंत गेला. वीतभर वाढ ऐकून कुणी घाबरत नाही, मीही घाबरलो नव्हतो. पण किनारा उभा नसतो. शंभर मीटर आत गेल्यावर एक मीटर चढ, असा सपाट किनारा धरला तर २० सेंटिमीटर उंची म्हणजे आडवे २० मीटर. शिवाय वाळू धुपते ती वेगळी. आणि वादळाची लाट या वाढलेल्या पातळीच्या खांद्यावर बसून येते, म्हणजे पूर्वी जी शंभर वर्षांत एकदा पोचायची ती आता त्याहून लवकर पोचू शकते.

दुसरा शत्रू आपल्या चांगल्या ओळखीचा आहे, लोणा. जुन्या वाड्याच्या भिंतीला खालून ओल चढते, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, त्याचे खडे फुगतात आणि भिंतीचा पापुद्रा भुगा होऊन पडतो. वरून कितीही गिलावा करा, महिन्याभरात पुन्हा फुगतोच. किनाऱ्यावरच्या गुहांत, दगडी भिंतींत, हाडांत नेमकं हेच होतं. भूजलात समुद्राचं पाणी शिरलं की लाट न लागताही दगड आतून पोखरला जातो. याचे फोटो येत नाहीत, म्हणून यावर कुणी बोलतही नाही.

या सगळ्याचं एकाच जागी दर्शन घ्यायचं तर स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांवर स्कारा ब्रे इथे. १८५० सालच्या हिवाळ्यात एका वादळाने समुद्रकाठच्या वाळूच्या टेकडीवरचं गवत उचकटलं आणि खाली दगडी घरं दिसली. सुमारे ५ हजार वर्षांपूर्वीची, गीझाच्या पिरॅमिडपेक्षा जुनी. तिथे झाडं फारशी नव्हती, म्हणून लोकांनी सामानही दगडाचंच केलं होतं. दगडी खाटा, मधोमध चूल, समोर दगडी फडताळ. दारातून आत शिरलेल्याची नजर पहिल्यांदा त्या फडताळावर पडावी अशी मांडणी. आपल्या घरात शोकेस जिथे असते तिथेच! घरं बांधली होती तीही उकिरड्याच्या ढिगात खुपसून, म्हणजे बाहेरचा वारा लागू नये. ज्या वाळूने हे गाव गाडलं तिनेच ते सांभाळलं.

ज्या वादळाने हे दाखवलं, त्याच्याच भावंडांनी पुढे घास घ्यायला सुरुवात केली. १९२४ च्या वादळात काही भाग वाहून गेला, मग समुद्राच्या बाजूला भिंत घातली गेली आणि त्यानंतर पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांचं मोठं उत्खनन झालं. भिंत आजही आहे. पण भिंतीने थोपवलेला जोर कुठे तरी जाणारच. तो दोन्ही टोकांना जातो आणि तिथला किनारा जास्त खातो. पुराचं पाणी आपल्या बांधावरून शेजाऱ्याच्या रानात लोटावं तसं. १९९९ मध्ये ही जागा जागतिक वारशात आली, आणि २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या वारसा यंत्रणेने या सगळ्या परिसराची हवामान-जोखीम तपासली तेव्हा निष्कर्ष निघाला की तो अत्यंत असुरक्षित आहे. एखाद्याच मोठ्या वादळाने घरांचं न भरून येणारं नुकसान होऊ शकतं.

माझ्या मनात मात्र स्कारा ब्रेपेक्षा एक छोटी गोष्ट घर करून बसली आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर एक खेडं आहे, लिहितात हॅपिसबर्ग आणि म्हणतात हेझब्रा. मे २०१३ मध्ये खवळलेल्या समुद्राने तिथल्या पुळणीवरची वाळू ओढून नेली आणि खालचा जुना, घट्ट गाळ उघडा पडला. त्यावर लांबट खड्डे होते. जवळून बघितलं तर पावलं. टाच, तळव्याचा खोलगट भाग, एक-दोन ठिकाणी बोटंही. सुमारे ५० ठसे, लहानमोठे मिळून, म्हणजे त्या घोळक्यात मुलं होती. वय निघालं ८ ते १० लाख वर्षं. आफ्रिकेबाहेर माणसाच्या पावलांचे इतके जुने ठसे दुसरीकडे माहीत नाहीत.

भरती आली की ठसे पाण्याखाली. ओहोटीत संशोधक धावत जायचे, पाऊस पडतच होता, खड्ड्यांत साचलेलं पाणी टिपून घ्यायचं आणि वेगवेगळ्या कोनांतून फोटोवर फोटो काढायचे, म्हणजे पुढे संगणकावर त्यांची त्रिमिती प्रतिमा उभी करता येते. दोन आठवड्यांत सगळे ठसे पुसले गेले. आठ लाख वर्षं जे टिकलं ते उघडं पडल्यावर पंधरा दिवस टिकलं. त्या खेड्याचा किनारा इतका धुपतो की वरची घरंसुद्धा कोसळली आहेत. पण किनारा धुपला नसता तर हे ठसे कुणाला दिसलेही नसते. हा तिढा मला सुटत नाही. किनाऱ्यावरच्या जुन्या जागांच्या बाबतीत शोधणारा आणि पुसणारा बहुतेक वेळा एकच असतो.

फ्रान्समध्ये मार्सेयजवळची कॉस्केर गुहा याच्या उलट टोकाची. तिचं तोंड समुद्राखाली ३७ मीटरवर. आँरी कॉस्केर या पाणबुड्याला १९८५ मध्ये ती सापडली. लांबलचक बोगद्यातून पोहत वर गेलं की हवा असलेलं दालन लागतं, आणि भिंतींवर घोडे, हाताचे छाप आणि चक्क समुद्रपक्षी, २७ हजार आणि १९ हजार वर्षांपूर्वीचे. चित्रं काढली तेव्हा समुद्र तिथून कित्येक किलोमीटर लांब होता. आता घोड्यांच्या चित्राची खालची कड पाण्याने पुसली गेली आहे. भिंत घालता येत नाही, चित्र काढून नेता येत नाही. म्हणून गुहेचं मिलिमीटर-मिलिमीटर मोजमाप घेतलं आणि २०२२ मध्ये मार्सेय शहरात तिची प्रतिकृती लोकांसाठी उघडली. नक्कल ती नक्कलच, पण ऐपत असलेल्या देशाने दुसरं काय करावं हेही मला सुचत नाही.

अलास्कात गोष्ट बर्फाची आहे. कायम गोठलेल्या जमिनीत लाकडी मुखवटे, गवताच्या टोपल्या जशाच्या तशा राहतात. जमीन वितळायला लागली की हे सगळं आपल्या फ्रिजची वीज गेल्यासारखं सडतं, आणि किनाऱ्यावरचा हिवाळी बर्फ कमी झाल्याने वादळाच्या लाटा थेट जमिनीवर आदळतात. युपिक हे तिथले मूळ रहिवासी. त्यांच्या नुनालेक या जुन्या गावाचं उत्खनन २००९ पासून अशा घाईतच झालं.

मोजदादही सुरू आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या २८४ वारसास्थळांपैकी ५६ जागांना शतकात एखाद्या वेळी येणाऱ्या पुराचा धोका आजच आहे आणि २०५० पर्यंत हा आकडा तिपटीच्या वर जाईल, असं २०२२ च्या एका अभ्यासात निघालं. अमेरिकेच्या आग्नेय भागात समुद्र एक मीटर वाढला तर १३ हजारांहून जास्त नोंदलेल्या जागा जातील, असा २०१७ चा हिशोब आहे. यात सगळ्याच जागा प्रागैतिहासिक नाहीत. पण हे आकडे नोंद झालेल्या जागांचे आहेत, हे विसरू नका.

आपल्याकडे काय? 'समुद्राखाली सापडलं ९ हजार वर्षांचं शहर' असा मेसेज दर सहा महिन्यांनी फिरत येतो. त्याचं मूळ २००१ मध्ये खंभातच्या आखातात केलेल्या सर्वेक्षणात आहे. पाण्याखालून उपसलेल्या एका लाकडाच्या तुकड्याचं वय काढून शहराचं वय सांगितलं गेलं आणि बहुतेक पुरातत्त्वज्ञांनी ते मानलं नाही. प्रवाहाने कुठूनही आणलेलं लाकूड होतं ते. वस्तू जागेवर नसली की ती मुकी, हे वर म्हटलंच. खरी काळजी करण्यासारख्या जागा कमी चमकदार आहेत. बेट द्वारकेच्या धुपणाऱ्या कड्यांत जुन्या वस्तीची खापरं लाटांनी उघडी पाडलेली संशोधकांना दिसली आहेत. सौराष्ट्र-कच्छच्या काठावर हडप्पाकालीन लहान लहान बंदरगावं आहेत, कुंतासीसारखी, जिथे डेक्कन कॉलेजच्या म. के. ढवळीकरांनी उत्खनन केलं. अरबी समुद्र तापतोय आणि तिथे तीव्र चक्रीवादळं वाढली आहेत. २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते, २०२३ चं बिपरजॉय आपण टीव्हीवर पाहिलंच. तेव्हा पडलेली झाडं आणि विजेचे खांब मोजले गेले. कड्यातून निखळलेली खापरं कोण मोजणार!

सगळंच हवामानाच्या माथी मारू नये, हेही खरं. १९३० च्या दशकात टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याने कांदिवली आणि मुंबईच्या किनाऱ्यावर अश्मयुगीन हत्यारं शोधली होती. त्या जागा समुद्राने नेल्या नाहीत, शहराने नेल्या. कोकणातली कातळशिल्पं तर उंच सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, आहेत. कशेळीचा सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती लाटेच्या टप्प्यात येत नाही. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, पण त्यांचा जास्त जवळचा वैरी म्हणजे चिरेखाण, रस्ता आणि डोझर. पाऊस आडदांड झालाय, जांभा झिजतो, हे आहेच. तरी डोझर एका दुपारी जे करतो त्याला पावसाला शतक लागेल.

मग करायचं काय? सगळं वाचवता येणार नाही, हे स्कॉटलंडने उघड मान्य केलं आणि मला तो प्रामाणिकपणा आवडतो. तिथे किनाऱ्यावर फिरणाऱ्या साध्या लोकांना शिकवलं की वादळानंतर चक्कर मारा, कड्यात नवं काही दिसलं तर फोटो काढा, जागा नोंदवा, वस्तू उचलू नका. त्या नोंदींवरून ठरतं की कुठे घाईने खणायचं, कुठे वाळूच्या गोण्या लावायच्या आणि कुठे नुसतं टिपून हात जोडायचे.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा आमच्याकडची रानं खरवडून गेली. माती गेली, खाली मुरूम उरला. पाणी ओसरल्यावर गावी गेलो तर टेकाडाची नदीकडची बाजू सुरीने कापावी तशी उभी कापली गेलेली. पुरुषभर उंचीवर राखेचा एक काळसर पट्टा, हाताच्या पंजाएवढा जाड, त्यात अर्धं गाडगं तिरकं अडकलेलं. खाली एक ट्रॅक्टर उभा होता. ज्याचं रान गेलं होतं तो शेतकरी, माझ्याच ओळखीतला, पांढरीची माती ट्रॉलीत भरत होता. त्याला मी काय सांगणार? त्याचं दोन एकर वाहून गेलं होतं.

मी खिशातलं पेन काढून पट्ट्याशेजारी मातीत खोचलं, मापासाठी. एक फोटो समोरून, एक बाजूने, एक लांबून, मागचं वडाचं झाड दिसेल असा. तो खोऱ्यावर हात ठेवून थांबला होता.

"झालं का मास्तर?"

"झालं," म्हटलं, आणि पेन काढून घेतलं.